बोटीत पाणी कुठून येत होतं: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही शाफ्टची (इंजिनापासून बाहेरच्या पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याची) पाणी अडवणारी पॅकिंग बदलायला सांगितलं होतं, आम्ही मात्र रेलिंग आणि खिडक्या उघडत बसलो. ‘गळती शोधण्याची मजुरी’ वेगळी लावली. दोन ट्यूब सिलिकॉनचं काम लांबवलं. इंजिनाचा होज आणि क्लिपा न विचारता बदलल्या. आणि एवढं होऊनही शाफ्टपाशी थेंब पडतातच, असं तुम्ही लिहिलंय. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना पानशेतला नेता आलं नाही याचा राग रास्त आहे, त्यावर वाद नाही. बाकीच्या मुद्द्यांवर सविस्तर लिहितो, कारण जुनी बोट असलेले इतरही लोक हे वाचतील.

तुम्हाला पाणी नेहमी इंजिनाखाली दिसायचं, म्हणून पॅकिंगवर संशय जाणं साहजिक होतं. पण बोट पावसाळाभर ट्रेलरवर होती, धरणाचं पाणी तिला लागलंही नव्हतं, तरी आमच्याकडे आली तेव्हा तळात पाणी होतं. ते शाफ्टमधून येणं शक्यच नाही. पाऊस डेकवरून आत शिरत होता, पुढच्या बाजूला फोम आणि प्लायमध्ये मुरत होता. बोट वेगात निघाली की नाक वर उठतं आणि पुढे साठलेलं सगळं मागे, इंजिनाखाली येतं. सोसायटीत गच्ची एकीकडे गळते आणि ओल भलत्याच खोलीत उमटते, तसंच हे.

शोधायची पद्धत संथच असते, तिला इलाज नाही. आधी तळ पुसून कोरडा केला आणि कडेकडेने खडूची पावडर टाकली, म्हणजे पाण्याचा ओघळ कुठून आला ते दिसतं. मग होज पाईपने खालून वर जात एकेका जागेवर पाणी सोडलं आणि आत माणूस बसवला. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सगळ्या जोडांवरून वाहतं आणि नेमका दोषी कोण ते कळत नाही. शेवटी खिडक्या आणि झाकणं टेपने बंद करून ब्लोअरने आत हवा भरली आणि बाहेरून साबणाचं पाणी लावलं. रेलिंगच्या बुडाशी आणि पुढच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात फेस आला. ही सगळी मजुरी बिलात वेगळी दाखवली, ती लपवण्यापेक्षा दाखवलेली बरी म्हणून.

सिलिकॉनबद्दल मात्र मी स्पष्टच सांगेन. तुमच्या बोटीवर आधी कोणीतरी तेच मारलेलं होतं, थरावर थर. सिलिकॉनचा अंश राहिला की त्यावर दुसरं काहीच नीट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. वरून ते बंद दिसतं आणि बोल्टच्या भोकातून प्लाय कुजत राहतो. रेलिंगभोवती हातोडीने ठोकून पाहिलं तर आवाज बद्द येत होता. तिथला ओला प्लाय कोरून काढला, भोकं मोठी करून घट्ट इपॉक्सीने भरली, नव्याने पाडली आणि पॉलियुरेथेन सीलंट लावून बोल्ट बसवले. इपॉक्सी ओल्या लाकडावर भरता येत नाही. पाऊस लांबला होता, हवा दमट होती, वाळायला वेळ लागला. दिवस गेले ते यात.

पाण्याची दुसरी वाट तळातल्या पंपाच्या पाइपाची होती. त्याचं तोंड पाण्याच्या रेषेच्या अगदी जवळ होतं. मागे दोन-तीन माणसं बसली की ते बुडायचं आणि पंप बंद झाल्यावर धरणाचं पाणी उलटं आत यायचं. पाइपाला आत उंच वळसा दिला आणि तोंड वर घेतलं.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा होज आणि क्लिपा न विचारता बदलल्या नव्हत्या. फोनवर तुमचा होकार घेतला होता. होज कडक झाला होता, क्लिप गंजून अर्धी उरली होती. पाण्याखाली फूटभरावर एक इंचाचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला ४० लिटरच्या पुढे पाणी आत येतं. मुलं बोटीत असताना ते व्हायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आता शाफ्टचे थेंब. तुमच्या बोटीला जुन्या पद्धतीची, वळलेल्या दोरीची पॅकिंग आहे. शाफ्ट फिरताना तिला मिनिटाला काही थेंब पाणी लागतंच, त्यावर ती थंड राहते. ते बंद करायला नट आवळत गेलात तर पॅकिंग जळते आणि शाफ्टवर चर पडतात. बोट उभी असताना मात्र गळणं जवळपास थांबलं पाहिजे. उभी असतानाही धार लागत असेल तर कृपया हात न लावता कळवा. मी स्वतः पानशेतला येऊन तुमच्यासमोर पाहीन, त्याचे पैसे घेणार नाही. होज पाईपची चाचणीही तुमच्यासमोर पुन्हा करायला तयार आहे. काढलेला प्लाय आणि क्लिपा वर्कशॉपमध्ये जपून ठेवल्या आहेत, कधीही येऊन बघा.

तोवर एक विनंती. बोट ट्रेलरवर असेल तेव्हा नाक वर ठेवा, ताडपत्रीला मधोमध उतार द्या आणि तळाचं बूच काढून किल्लीला बांधून ठेवा, म्हणजे पाण्यात उतरवताना ते लावायचं राहणार नाही.