‘बेळगावात पंख्याखाली’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर ‘सीमावासी’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी त्याचा सारांश: कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांची आरोग्याची गरज ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात यावी, तो आराखडा ग्रामसभेत कन्नडबरोबर मराठीतही वाचला जावा आणि जंगलातल्या गवळीवाडे नि सिद्दी वस्त्याही त्यात असाव्यात. यावर सीमावासी म्हणतात: “आरोग्याच्या नावाखाली तेच मराठीचं रडगाणं. ग्रामपंचायतीला ना पैसा ना अधिकार. समित्या आहेतच, आपलीच माणसं बैठकांना जात नाहीत. महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांना आरोग्य योजना दिलीय, ती घ्या. आणि बेळगावात पंख्याखाली बसून निवेदनं लिहिणाऱ्यांनी ग्रामसभेची पायरी कधी चढलीय का?”

एक मान्य करतो. लेख लांबला होता. शेवटचे दोन परिच्छेद नसते तरी कुणाचं काही अडलं नसतं.

आता पंख्याचं बघू. साहेब, माझी आई कणकुंबी भागात अंगणवाडी सेविका होती. शाळेला सुट्टी लागली की वजनकाटा माझ्या खांद्यावर आणि वही तिच्या पिशवीत, असे आम्ही वाड्यावाड्यांवर फिरायचो. पावसात आमगावच्या बाजूची वाट बंद झाली की आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतून चिखल तुडवत आणतात, हे मला पेपरातून कळलेलं नाही. वडील एक मुदत पंचायतीत होते. ग्रामसभेआधी आमच्या सोप्यावर चहाचं आधण उतरत नसे. त्यामुळे पायरी किती उंच आहे ते तुम्ही मला सांगू नका. आज मी बेळगावात राहतो तो पोटापाण्यासाठी. आमच्या भागातला अर्धा गाव बेळगाव नाहीतर गोव्यात कामाला असतो, म्हणून काय त्यांनी गावाबद्दल बोलायचं नाही? तुम्ही कुठे बसून टाइप केलंत, हे मी विचारलेलं नाही. नावही विचारलेलं नाही, ते तर तुम्ही लिहिलेलंच नाही.

“आपलीच माणसं जात नाहीत” हे वाक्य तर मला फार लागलं. जातात हो. गाव आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीचं एक रजिस्टर मी हातात घेऊन पाहिलंय. इतिवृत्त सगळं कन्नडात, नीटस अक्षरात. ब्लीचिंग पावडर, फिनेल, गटार सफाई, पुढे रुपये. खाली सह्या: सुनंदा, लक्ष्मी, पार्वती, सगळ्या देवनागरीत, दोन ठिकाणी शाईचा अंगठा. त्यातल्या एका बाईला विचारलं, वर काय लिहिलंय? म्हणाली, “आशाताई म्हणाली सही कर, केली.” ती बैठकीला गेली होती. सही करून आली. गावात गरोदर बाईला तपासणीला न्यायला गाडी मिळत नाही, हे तिला माहीत होतं, पण ते रजिस्टरात नव्हतं. दोष आशाताईचाही नाही, तिला नमुना तसाच आलेला असतो. यात कन्नडविरोध कुठे आला? कन्नडात लिहाच, खाली चार ओळी मराठीत लिहा आणि सहीआधी वाचून दाखवा. यालाच रडगाणं म्हणायचं असेल तर म्हणा.

नियम तरी काय सांगतो? या समितीत किमान 15 सदस्य, त्यात निम्म्या बायका आणि प्रत्येक वाडीवस्तीचा माणूस. ग्रामपंचायत सदस्य अध्यक्ष, आशा सचिव, वर्षाला दहा हजारांपर्यंतचा मोकळा निधी. प्रत्येक वाडीवस्तीचा, हे शब्द माझे नाहीत. मग गवळीवाड्याचं नाव यादीत का नाही, एवढंच लेखात विचारलं होतं. डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र हा निकष आहे. जंगलातल्या दहावीस घरांची वाडी त्या आकड्यात कधीच भरत नाही. तिथे डोकी मोजून भागत नाही, चालायची वाट मोजावी लागते. ती वाट कुठून कशी जाते हे जिल्ह्याच्या कचेरीत कुणाला ठाऊक असणार? पंचायत सदस्याला असतं.

अधिकार नाही म्हणता? घटनेच्या अकराव्या परिशिष्टात 23 वा विषय उघडा: आरोग्य व स्वच्छता, रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसह. पैसा नाही म्हणता, तर 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी देशभरात 70,051 कोटी वेगळे काढले होते. आपल्या पंचायतीपर्यंत त्यातलं काय आलं, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायचा असतो. आणि जिल्हा पंचायतीकडे का जात नाही, असं पुढे विचाराल म्हणून आधीच सांगतो: जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत 2021 मध्ये संपली, त्यानंतर तिथे प्रशासक बसले. निवेदन स्वीकारतात, पोच देतात, पुढे काही नाही. ग्रामसभेचा ठराव मात्र आराखड्याला जोडावा लागतो.

865 गावांच्या योजनेबद्दल एकच सांगतो. ती इस्पितळात दाखल झाल्यावरच्या खर्चाची आहे आणि तिच्यावरून दोन्ही सरकारांत काय जुंपली ते 2023 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. मिळेल त्याने जरूर घ्यावी. पण त्या कार्डाने उपकेंद्रात नर्स येत नाही. गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापासारखा आजार आला तर कार्ड काय करणार? 2015 मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आला, पुढे महाराष्ट्रातल्या दोडामार्गकडे गेला, आणि सत्तरी खानापूरला लागूनच आहे. गोचीड चोर्ला घाटात चेकपोस्टवर थांबून आधार कार्ड दाखवत नाही. मेलेलं माकड दिसलं की कुणाला फोन करायचा, हे तीन राज्यांच्या गावांनी आपसांत ठरवायला हवं. त्यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही, पंखा मात्र आहे.

भाषेच्या राजकारणाबद्दलचं तुमचं बाकीचं लिखाण सोडून देतो. ते वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवर रोज फुकट मिळतात.

तुमच्या पंचायतीच्या फलकावर वॉर्डसभेची तारीख लागेल तेव्हा जा आणि रजिस्टर मागा. दिलं नाही तर तक्रारीचा अर्ज करा, मराठीत केलात तरी चालतो, घटनेचं कलम 350 आहे. आणि पुढची प्रतिक्रिया नाव घालून द्या.