कॅमेऱ्याची फीत कापतात, दिव्याची कोण कापणार?

परत फ्लेक्स लागलेत. हात जोडलेले डझनभर चेहरे, खाली ठळक अक्षरांत ‘गुन्हेगारीला आळा घालणारच’, आणि आळा म्हणजे काय, तर अजून कॅमेरे. अरे, आधी बसवलेल्यांतले चालू किती ते तरी सांगा की राव!

आमची गल्ली सांगलीत, शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या बाजूला. खांब आहेत, खांबांवर दिवे आहेत, फक्त उजेड नाही. शेजारच्या काकू तिन्हीसांजेला देवळातून येत होत्या. मोटारसायकलवरनं दोघं आले आणि हिसडा मारून मंगळसूत्र घेऊन गेले. गळ्यावर वळ उठले. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत हिसकावण्याला स्वतंत्र कलम आलंय, ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. झकास. पण गाडीचा नंबर दिसायला नको का आधी? चौकातल्या कॅमेऱ्याचं फुटेज बघायला गेलो तर तो बंद. का बंद? वायर तुटली. कशानं तुटली? रस्ता उकरला तेव्हा. कुणी उकरला? इथं सगळ्यांची दातखीळ बसली. एका हापिसातनं दुसऱ्या हापिसात, तिथनं तिसऱ्या. कुठली हापिसं ते लिहीत नाही, लिहून तरी काय होणार आहे!

मुळात गोची अशी आहे की पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. वीज महावितरणची. रस्त्यावरचा उजेड महापालिकेचा, आणि तोही मर्जीचा मामला नव्हे. १९४९ च्या महापालिका अधिनियमात कलम ६३ खाली तो बंधनकारक कामांत आहे. कॅमेऱ्यांचा पैसा बऱ्याचदा जिल्हा नियोजन समितीतनं येतो, आणि त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. म्हणजे एका अंधाऱ्या गल्लीला इतके मालक. चोराला मात्र कुणाचीच मंजुरी लागत नाही.

आणि हा पैसा मार्चअखेरला खर्ची पडला पाहिजे, नाहीतर परत जातो. मग घाईघाईत काय घेता येतं? वस्तू. कॅमेरा, गाडी, भिंतीएवढी स्क्रीन. फीत कापता येते, फोटो येतो. पण त्या कॅमेऱ्याची काच पुसायची, समोर आलेली फांदी तोडायची, तुटलेली वायर जोडायची, स्क्रीनपुढं रात्रभर माणूस बसवायचा, हा खर्च दरवर्षीचा. त्याला ना फीत, ना फोटो. म्हणून देखभालीचा विषय निघाला की ‘तरतूद नाही’. नवीन घ्यायला तरतूद आहे, असलेलं चालवायला नाही! आमच्या आईनं असा संसार केला असता तर घरात चार मिक्सर असते आणि एकाचंही भांडं धड नसतं.

माणसांचं तर विचारूच नका. रात्रीची गस्त घालणारे त्याच पोलीस ठाण्यातले, आणि मंत्र्यांचा दौरा असो, मोर्चा असो, निवडणूक असो, बंदोबस्ताला ओढायचे तेही तेच. गणपतीत तर मिरजेच्या स्वागत कमानी आणि रात्र उलटली तरी न संपणारी मिरवणूक. हौस आहे, असू दे, मीही बघायला जातो. पण तेव्हा आमच्या गल्लीत शिट्टी कोण वाजवणार? त्या हवालदाराला शिव्या देऊन उपयोग नाही, तो बिचारा डबल ड्युटीनं पार पिचलेला असतो.

बरं, पैसा कुठं लावायचा हे लोकांना विचारायची सोय आहे का? कागदावर आहे. क्षेत्रसभेची, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ मध्येच कायद्यात आली. तुमच्या वॉर्डात झालेली कुणाला आठवते? २०१८ ला महापालिकेत निवडून दिलेल्यांची मुदत २०२३ ला संपली आणि मग आले प्रशासक. तेव्हा जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. मागे होता तेव्हाही तो पेव्हर ब्लॉकमध्येच रमलेला, ते सोडा.

यात रॉकेट सायन्स काही नाही. कुठं चेन ओढली, कुठनं गाडी गेली, किती वाजता, हे सगळं पोलिसांकडं एफआयआरमध्ये लिहिलेलं असतं. ते नकाशावर मांडा. शेजारी बंद दिव्यांचे खांब मांडा. जिथं दोन्ही ठिपके जुळतात तिथं पहिला रुपया टाका. वर्षानं बघा, फरक पडला का. हे करायचं सोडून चौक कुठला भारी, कॅमेऱ्याखाली नाव कुणाचं, यावर बैठका.

आणि कडी म्हणजे तिसऱ्या हापिसातला साहेब मला वर तोंड करून म्हणाला, “तुम्ही गल्लीतले लोक वर्गणी काढून स्वतःचा कॅमेरा बसवा की. आणि दारात एकेक बल्ब लावा.” म्हटलं, लावतो. कॅमेऱ्याची, बल्बची, लाइट बिलाची पावती आणतो, तेवढी रक्कम घरपट्टीतनं वजा करायला लावा. तर हसायला लागला. हसतोयस काय मर्दा, पुढचं बिल येऊ दे, पावत्यांचा गठ्ठाच आणून टाकतो टेबलावर.