लॉकडाऊनातला "खरा गोवा" नेमका कुणाचा?

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर परत तेच सुरू झालं. कुणीतरी मांडवी पुलावरच्या गाड्यांच्या रांगेचा फोटो टाकला आणि खाली लगेच माझ्या चुलतभावाचा मेसेज, "लॉकडाऊनात होता तो खरा गोवा, वर्षातून पंधरा दिवस तरी तसा बंद ठेवायला पाहिजे, श्वास तरी घेईल." मग अंगठे, बदाम, आणि एकेकाच्या आठवणी, मिरामारला चिटपाखरू नव्हतं, कळंगुटच्या रेतीत एक बाटली दिसत नव्हती, अंगणात मोर यायचे, सगळं घर एकत्र जेवायचं. मी नुकतीच रात्रपाळी करून आलेले, झोपायचं सोडून एवढा लांब मेसेज टाइप केला, त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर, "तूं तेन्ना हांगा नासलें गे." झालं, सगळ्यांसाठी विषय संपला. माझ्यासाठी नाही संपला, म्हणून हे लिहितेय.

नव्हते मी तिथे, खरंय, इकडे ऑस्ट्रेलियात मेलबर्नला होते. पण फोन दिवसभर चालू असायचा आणि उत्तर गोव्यातल्या साखळी गावच्या आमच्या घरात काय चाललंय ते मला माहीत होतं. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू बाकी देशात एका दिवसाचा, आपल्याकडे तो वाढवून तीन दिवसांचा केला आणि तो संपतोय तोच देशभरचं लॉकडाऊन अंगावर आलं. सुरवातीचे काही दिवस किराण्याची दुकानंसुद्धा उघडत नव्हती. मार्च म्हणजे गेल्या वर्षीचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायचं सामान, तळाला गेलेलं आणि नवीन भरायला अजून अवकाश. आईकडे अर्धा डबा उकडे तांदूळ, थोडी सोलं, थोडे सुके बांगडे. दूध नाही, पाववाल्या पोदेराचा हॉर्न नाही. वहिनीचं धाकटं पोर तेव्हा दुधावरचं, आणि वाड्यावर एका घरी गाय होती म्हणून निभावलं. चुलतभाऊ पर्वरीला फ्लॅटमध्ये, सरकारी नोकरी, पगार एक तारखेला खात्यात. त्याने बायकोबरोबर केक करायला शिकून घेतले त्या दिवसांत. त्याचे ते दिवस चांगले गेले ह्याचं मला वाईट वाटत नाही, पण त्या दिवसांना तो गोव्याचं नाव देतो तेव्हा माझं डोकं फिरतं.

कारण शांतता आमच्या भागाला नवीन नव्हती. डिचोली-साखळीच्या माणसाने ती आधी दोनदा बघितलेली, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा, आणि परत मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर. ज्या रस्त्यावर ट्रकांमागे ट्रक धावायचे आणि आम्ही सगळे धुळीला शिव्या घालायचो तो रस्ता एका दिवसात मोकळा झाला, हवा स्वच्छ झाली, पक्षी ऐकू यायला लागले. आणि माझ्या भावाचा कर्जावर घेतलेला ट्रक आंब्याखाली उभा राहिला तो राहिला. त्याने मग कळंगुटला एका हॉटेलात गाडी चालवायचं काम धरलं, गिऱ्हाइकांना विमानतळावरून आणायचं सोडायचं, दोन सीझन बरे गेले, आणि मार्च २०२० ला मालकाने सांगितलं बघू नंतर. त्याच्या कानाने ती शांतता ऐका. बँकेचा फोन वाजला की तो आतल्या खोलीत जायचा, मला व्हिडिओवर ते दिसायचं, आणि आई मुद्दाम मोठ्याने माझ्याशी बोलायला लागायची. टुरिस्ट नको म्हणणं सोपं आहे, मलाही ती उघड्या जीपमधली दारू पिऊन बोंबलणारी पोरं नकोशीच आहेत, पण आमच्यासारख्या किती घरांची चूल त्या टुरिस्टावर पेटते हे पर्वरीच्या गॅलरीतून दिसत नाही.

आणि "खरा गोवा" म्हणताना कोण कोण बाहेर राहिलेलं ते कुणी बोलतच नाही. पहिले सात रुग्ण १९ एप्रिलपर्यंत बरे झाले, १ मेला गोवा ग्रीन झोनमध्ये, सगळ्यांची छाती फुगलेली, मलाही इथे अभिमान वाटला, कामावरच्या माणसांना मी नकाशात गोवा दाखवला. पण त्याच एप्रिलमध्ये मुंबईच्या समोर समुद्रात क्रूझ जहाज उभं होतं आणि आत गोंयकार खलाशी, घर हाकेच्या अंतरावर आणि जमिनीवर पाय ठेवायला परवानगी नाही. जगभरच्या जहाजांवर अजून कितीतरी अडकलेले, त्यांच्या बायका आणि आया पणजीत येऊन सरकारला विनवण्या करत होत्या. आणि ग्रुपवर काय येत होतं? "त्यांना आणू नका, रोग आणतील." ज्यांनी पाठवलेल्या पैशावर गावागावात घरं उभी राहिली, चर्चची फेस्तं आणि देवळांच्या जत्रा झाल्या, त्यांच्याबद्दल हे. मला ते वाचताना पोटात खड्डा पडायचा कारण मीसुद्धा त्यांच्यातलीच, फक्त जहाजावर नव्हते एवढंच.

मावशी आमची दोडामार्गची. तिच्यासाठी गोवा म्हणजे बाजार, दवाखाना, लेकाची नोकरी. नाका बंद झाला तसा तिचा मुलगा थिवीच्या कंपनीतल्या शेडमध्येच अडकला, गेला असता तर परत येता आलं नसतं, काम गेलं असतं. घर अर्ध्या-पाऊण तासावर. सिंधुदुर्गातली शेकडो पोरं अशी होती, पत्रादेवीला नाहीतर दोडामार्गला पोलिसांशी हुज्जत घालणारी, रानातून वाट काढणारी. १ सप्टेंबरला सीमा उघडल्या तेव्हा लोकांनी बोटं मोडली. आता त्याच नाक्यावरून भाजी आली नाही तर गोव्यात काय शिजतं ते एकदा बघा. आणि झारखंड-ओडिशाचे कामगार गावी निघून गेले तेव्हा १ ऑगस्टला मासेमारी सुरू करायला ट्रॉलरवर माणसं मिळेनात, हीच तोंडं मासळी महागली म्हणून ओरडत होती.

आता ह्याच ग्रुपवर दुसरी बाजू मांडणारे एक काका आहेत, त्यांना वाटतं परदेशात सगळं शिस्तीत झालं, लोकांना अक्कल होती, आपल्याकडे नाही. काका, मी मेलबर्नला आहे, जगात सगळ्यात जास्त दिवस बंद राहिलेल्या शहरांत हे शहर मोजतात, सहा लॉकडाऊन मिळून २६२ दिवस. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, व्यायामाला एक तास, रात्री आठनंतर कर्फ्यू. मी टार्नीटला राहते, ट्रुगनिनाच्या वेअरहाऊसमध्ये काम, पर्मिट डॅशबोर्डवर ठेवून रात्री रिकाम्या फ्रीवेवरून जायचे. शिस्त कुणासाठी होती ते सांगते. घरून लॅपटॉपवर काम करणारी माणसं शिस्तीत घरी बसली, आणि आमच्या पश्चिमेकडच्या सबर्ब्जमध्ये केसेस वाढत गेल्या कारण वेअरहाऊस, टॅक्सी, वृद्धाश्रम, मटणाचे कारखाने चालवणारे लोक इकडे राहतात. २०२० च्या ४ जुलैला दुपारी जाहीर केलं आणि त्याच दुपारी फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्नच्या सरकारी घरांच्या नऊ टॉवर्सना पोलिसांनी वेढा घातला, तीन हजार माणसं, बहुतेक माझ्यासारखीच बाहेरून आलेली, खाली दूध आणायलासुद्धा सोडलं नाही. श्रीमंतांच्या टूरॅकमधल्या बंगल्यांना असा वेढा पडला नाही. आणि गोव्यात जूनमध्ये वास्कोला मांगोर हिल सील केलं, बहुतेक कष्टकऱ्यांची वस्ती, मग वास्कोचा माणूस म्हटलं की चार हात लांब. मला दोन्हीत फरक दिसत नाही.

एक फरक मात्र आहे आणि तो मी सांगणारच, कुणाला माझा तोरा वाटला तरी चालेल. इकडे त्या टॉवर्सबद्दल ओंबुड्समनने, म्हणजे सरकारविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, चौकशी केली, त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल आला, त्यात स्पष्ट लिहिलं की माणसांच्या हक्कांचा भंग झाला, सरकारने मानलं नाही पण २०२३ ला पन्नास लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. मे २०२१ मध्ये गोव्यात पहाटे दोन ते सहा ह्या वेळेत सरकारी इस्पितळात ऑक्सिजनवाचून माणसं जात होती, आरोग्यमंत्र्यांनी एका दिवसाचा २६ आकडा स्वतः सांगितला, हायकोर्टाला मध्ये पडावं लागलं. पंधरा लाखांच्या राज्यात कोविडनं चार हजारांच्या आसपास माणसं गेली. आणि आमच्या ग्रुपची आठवण काय, तर मोर. त्या चार महिन्यांचे फोटो सगळ्यांकडे आहेत, त्या मे महिन्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही.

त्याच मे महिन्यात आई पॉझिटिव्ह आली. तेव्हा गोव्यात टेस्ट केलेल्या दर दोघांत एक पॉझिटिव्ह निघत होता. भावाने कुठून तरी ऑक्सिमीटर आणला, ८८, ८७, परत ८९, मी इकडे वेअरहाऊसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ते आकडे वहीत लिहायचे, का लिहायचे ते विचारू नका. एका इस्पितळात खाट नाही म्हणाले, दुसऱ्यात जमिनीवर जागा आहे म्हणाले, शेवटी भावाने सिलिंडर मिळवून घरीच ठेवलं आणि वाड्यावरची एक नर्स दोन वेळ येऊन बघायची. आई वाचली. पलीकडच्या घरातले दोघे गेले.

आम्ही तेव्हा टेम्पररी व्हिसावर. आमच्यासारख्यांना आदल्या वर्षी एप्रिलमध्येच इथले तेव्हाचे पंतप्रधान मॉरिसन ह्यांनी सांगितलं होतं की स्वतःला पोसता येत नसेल तर घरी जा. जॉबकीपर, म्हणजे पगारासाठीची सरकारी मदत, आम्हाला नाही, नवऱ्याचं रेस्टॉरंटमधलं काम पहिल्याच आठवड्यात गेलेलं, काही दिवस गुरुद्वाऱ्यातून डबे आले, ते मी आईला कधी सांगितलं नाही. आणि २०२१ ला ऑस्ट्रेलियाने भारतातून येणारी विमानं बंद केली, आपल्याच नागरिकांना परत आलात तर पाच वर्षं तुरुंग म्हणून धमकावलं. टेम्पररीवाल्यांना जायला कुणी अडवत नव्हतं, परत येता येत नव्हतं. म्हणजे मी जाऊ शकत होते. व्हिसा, पोराची शाळा, माझा एकटीचा पगार, गावच्या ट्रकच्या कर्जात मी भरत होते तो हप्ता, सगळं मांडून बघितलं आणि मी गेले नाही. नवरा म्हणाला जा, मी सांभाळतो. आई भावाच्या फोनवर धापा टाकत म्हणाली येऊ नको, हांगा रोग आसा. मी दोघांचंही ऐकलं असं नाही, मी हिशोब ऐकला.

म्हणून चुलतभाऊ म्हणाला तू तेव्हा इथे नव्हतीस तेव्हा ते मला एवढं लागलं. २०२० च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, २२ ऑगस्ट, आम्ही स्टेज फोरच्या कडक लॉकडाऊनमध्ये होतो, मी कोल्समधून आणलेली संत्री, लिंबं, एक भोपळा आणि मर्री क्रीकजवळच्या मैत्रिणीने आधी कधीतरी दिलेली सुकी बोंडं दोरीला बांधून पोराच्या बंक बेडला माटोळी, गणपतीवर बांधतात ती फळांची, टांगली. नेवऱ्या कशाबशा झाल्या. गावी त्या वर्षी मोठ्या आरत्या नव्हत्या, पाहुणे नव्हते, मुंबई-पुण्याची मंडळीपण येऊ शकली नाहीत, फक्त घरचे. भाऊ म्हणाला इतकी शांत चवथ कधी बघितली नाही, बरं वाटलं. तो बोलला आणि मी फोन ठेवून रडले. त्यांच्या सगळ्यात चांगल्या आठवणीत मी नाहीये, आणि मी नाहीये, माझ्यासारखे कुणीच नाहीत, म्हणूनच ती चांगली आहे. मलाही ते रिकामं मिरामार बघायचं होतं हो. मला पण अंगणात मोर हवे होते.

आता आम्हाला पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळालं, येणं-जाणं होतं. पोराची शाळा डिसेंबरात सुटते त्यामुळे टुरिस्ट येतात तेव्हाच आम्ही येतो, मोपाच्या विमानतळावर उतरतो, भावाची गाडी धंद्याला लागते म्हणून भाड्याची घेतो, काळ्या पाटीची. मागच्या खेपेला साखळीच्या बाजारात गाडी लावायला जरा वेळ लागला तर मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न धरून ठेवला आणि ओरडला, भायले मरे, गाडी चलोवंक येना. भायले म्हणजे बाहेरचे. मी काच खाली केली आणि त्याला कोकणीतून माझ्या बाबांचं नाव आणि आमचा वाडा सांगितला. तो ओशाळला, सॉरी बाय म्हणाला, गेला. नाव सांगावं लागलं ह्याचा राग अजून उतरलेला नाही, आणि आज हे सगळं मी चुलतभावाला सुनावतेय की त्या स्कूटरवाल्याला, ते मलाही धड सांगता येणार नाही.