शिरपूरचा ठिपका

आमच्या घरी मर्सिडीज आहे. लग्नाच्या बोलण्यांत हे वाक्य आम्ही बिनदिक्कत वापरलं आहे, आणि पाहुणे राजेंद्र नगरच्या आमच्या प्लॉटवर येऊन ती प्रत्यक्ष बघेपर्यंत ते टिकलंही आहे. टाटांनी 1954 साली डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. 1969 साली तो करार संपेपर्यंत त्या ट्रकांच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असायचा. अण्णांचा ट्रक 1967चा. म्हणजे तारा शंभर टक्के खरा. त्याच्या मागे जो ट्रक आहे, त्याबद्दल काकूंचं मत वेगळं आहे.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. इंदूरच्या मराठी घरातला मुलगा मास्तर होतो, नाहीतर बँकेत चिकटतो. अण्णांनी सेकंडहँड ट्रक घेतला. त्यावर आजोबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, पण इंजिनाच्या आवाजात हे अण्णांच्या बरीच वर्षं लक्षातच आलं नाही. जाताना मिलच्या कापडाच्या गाठी, पुढे पुढे सोयाबीन; येताना नाशिकचा कांदा. मानपूर, खलघाट, सेंधवा, बिजासन, शिरपूर, धुळे ही नावं अण्णा अजूनही रामरक्षेसारखी एका दमात म्हणतात. आता ट्रक वर्षातून एकदाच हलतो. दसऱ्याला झेंडूची माळ घालून कॉलनीतल्या कॉलनीत देवळापर्यंत जातो आणि येतो.

यंदा नवरात्राच्या तोंडावर त्याला खोड लागली. डावीकडे वळवला की हॉर्न वाजायचा, बटणाला हातही न लावता. उजवीकडे वळताना मात्र अगदी सभ्य. हॉर्नची वायर स्टेअरिंगच्या नळीतून वर येते. तिच्यावरचं आवरण झिजलं की उघडी तार लोखंडाला टेकते आणि ट्रकची समजूत होते की मालकानं बटण दाबलं. घरापासून देवळापर्यंतची सगळी वळणं नेमकी डावी. अण्णांना यात काही वावगं दिसेना. "वळताना हॉर्न द्यायचाच असतो," असं ते म्हणाले. पण स्टेअरिंगच्या कडेलाही भेगा पडून आतली लोखंडी कडी डोकवायला लागली होती, आणि समोरच्या घरात नुकतंच बाळ आलेलं होतं. स्टेअरिंग काढायचं ठरलं.

समोरच्या साहेबांच्या मुलानं अमेरिकेतून व्हिडिओ पाठवला. त्यात एक माणूस पांढरेशुभ्र हातमोजे घालून सांगत होता की आधी बॅटरी सोडवा, मग एअरबॅगमधली वीज उतरेपर्यंत थांबा. अण्णांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. म्हणाले, "आपली एअरबॅग ही. वीज कधीच उतरलीय."

मग ट्रान्सपोर्ट नगरातून ट्रकचे मिस्त्री, उस्ताद, आले. आल्या आल्या म्हणाले, "भिया, पैले पोहे." इंदूरात पोहे-जिलबी झाल्याशिवाय माणूस पान्याला हात लावत नाही, आणि पोह्यांवर जिरावण मसाला कमी पडला तर लावलेला हातही काढून घेतो. पोटभर झाल्यावर त्यांनी ट्रकखाली जुनी पोती पसरली. स्वच्छ शहर म्हणून देशात नाव झाल्यापासून इथे तेलाचा थेंब रस्त्यावर पडला की लोक ट्रकऐवजी थेंबाभोवती जमतात. तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली. गाडीवरच्या पोरानं ट्रककडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "आंटी, ये सूखे में जाएगा क्या?" काकूंचा चेहरा कित्येक वर्षांत इतका उजळलेला मी पाहिला नव्हता.

अण्णा सीटवरून उतरायला तयार नव्हते. "माझ्या गाडीचं स्टेअरिंग मी बसलेलो असतानाच सुटेल." उस्तादांची हरकत नव्हती, कारण स्टेअरिंगचं चाक धरायला माणूस लागतोच. मधला नट सोडवायला जोर लावला की अख्खं स्टेअरिंगच फिरायला लागतं. फिरत फिरत शेवटाला जाऊन अडलं तर सगळा जोर खालच्या स्टेअरिंग बॉक्सवर येतो. "चाचा, पकड़ के रखना." हे अण्णांना सांगायची गरज नव्हती. उस्तादांनी हॉर्नचं बटण उचकटलं, खालची स्प्रिंग काढली, नटावर गोटी पाना बसवला, दांड्यात लांब पाईप घातला आणि लटकले. अण्णांच्या डोळ्यांसमोर थेट बिजासनचा घाट. प्रत्येक झटक्याला त्यांचा डावा पाय आपोआप क्लचवर जात होता. नट कुरकुरत सुटला तरी ते चाक सोडेनात. उस्ताद म्हणाले, "अब छोड़ो." अण्णा म्हणाले, "घाट में कोई छोड़ता है क्या?"

नट सुटला म्हणजे चाक सुटलं असं मला वाटलं होतं. चाकाला तसं वाटत नव्हतं. अर्धशतक ते डावीकडे जा म्हटलं की डावीकडे गेलं, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. फक्त 'वर ये' हे त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. स्टेअरिंगच्या रॉडचे दाते आणि चाकाच्या तुंब्याचे, म्हणजे मधल्या भागाचे, दाते गंजून एकजीव झालेले. उस्तादांनी डिझेल सोडलं आणि विडी पेटवायला लांब गेले. तेवढ्यात समोरचे साहेब घरातून हातोडा घेऊन आले. सरळ रॉडच्या डोक्यावर एक ठेवून द्यावा, असा त्यांचा विचार. उस्ताद विडी टाकून धावत आले. रॉडचं तोंड एकदा पसरलं की आटे जातात आणि मग तोच नट जन्मात परत बसत नाही. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांच्या हातातून हातोडा काढून घेताना उस्तादांनी त्यांना जो नमस्कार केला, तो मी विसरणार नाही.

मग पुलर निघाला. त्याची नखं तुंब्याखाली अडकतात, मधला स्क्रू रॉडच्या डोक्यावर टेकतो. स्क्रू आवळत गेलं की रॉड खाली दाबला जातो आणि चाक वर ओढलं जातं. नट मात्र उस्तादांनी पूर्ण काढला नव्हता, दोन-चार आट्यांवर ठेवला होता. का ठेवला ते आम्हाला थोड्या वेळानं कळलं. स्क्रू आणखी वळेना, तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हातोडीची एकच हलकी टिचकी मारली. ठण्ण! चाक उसळलं, नटाला धडकलं आणि अण्णांच्या नाकाच्या अलीकडे थांबलं. अण्णांनी ब्रेक दाबला होता.

खरी भानगड त्यानंतरची. चाक काढण्याआधी रॉडवर आणि तुंब्यावर समोरासमोर पंचनं ठिपका मारायचा असतो, म्हणजे परत बसवताना एका दात्याचाही फरक होत नाही. उस्तादांनी फडक्यानं तुंबा पुसला आणि पंच परत खिशात टाकला. "चाचा, यहाँ तो पैले से तीन हैं."

रॉडवर एक ठिपका, तुंब्यावर तीन. अण्णांना तिन्ही तोंडपाठ. एक धुळ्याचा, भर उन्हातला. दुसरा सेंधव्याचा, तो मिस्त्री मुलीच्या लग्नाच्या घाईत होता. तिसरा शिरपूरचा, रात्री बॅटरीच्या उजेडात मारलेला. चाक इतकी वर्षं शिरपूरच्या ठिपक्यावर होतं, आणि तोच चुकीचा. म्हणजे ट्रक सरळ चालला असताना स्टेअरिंगच्या दांड्या उजवीकडे कललेल्या असायच्या. त्यांच्याबरोबर अण्णाही. काकू आत जाऊन भिंतीवरचे फोटो बघून आल्या. साखरपुड्यातले अण्णा सरळ होते. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत उजवा खांदा खाली. "आणि मी इतकी वर्षं फ्रेम सरळ करतेय," त्या म्हणाल्या.

वायर नवी पडली. भेगा लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरल्या, घासल्या, वर काळा रंग आणि रेक्झिनची शिलाई झाली. पुढची चाकं सरळ करून उस्तादांनी स्टेअरिंग धुळ्याच्या ठिपक्यावर बसवलं. दांड्या एकदम ताठ. अण्णांनी पहिला गिअर टाकला, सवयीनं दांड्या उजवीकडे कलत्या धरल्या आणि ट्रक सरळ साहेबांच्या धुतलेल्या गाडीकडे निघाला. ब्रेक अजून चांगला आहे, हे त्या निमित्तानं कळलं. अण्णा मान बाहेर काढून ओरडले, "यानं गाडी वाकडी केली!"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "आता या वयात कुठे?" दात्यांना ग्रीस लावलेलं होतं, त्यामुळे या वेळी चाक हातानंच वर आलं आणि शिरपूरच्या ठिपक्यावर जाऊन बसलं. उस्तादांनी दोनदा बसवण्याचे पैसे मागितले. अण्णांनी एकदाचेच मोजले.

"सीधा करने को बोला किसने था?"