वीज गेली? आरोपी हजर!
वीज गेली की आमच्याकडे मेणबत्तीआधी आरोपी शोधतात. एका चॅनेलवर मोलेचं जंगल वाचवणारे विकासद्रोही. म्हणे यांच्यामुळेच गोवा अंधारात! अहो, माडाचं चुडत तारेवर पडून फ्यूज उडाला, त्यात बाहेरून वीज आणायला मोलेतून आखलेल्या 400 केव्हीच्या तमनार लाइनचा काय संबंध? दुसऱ्या चॅनेलवर प्रत्येक तार म्हणजे गोव्यात कोळसा आणण्याचा कट. मग गोव्याची बहुतेक वीज बाहेरूनच येते, हे कोण सांगणार? ग्रुपवर तर एक काका ठणकावतात, सोलर पॅनलने कॅन्सर होतो! वास्कोत खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवा, बंदरावरच्या कोळशाच्या धुळीने काळं होतं. त्यावर चर्चा? छे! 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने तमनारबरोबरच वादात असलेल्या मोलेतल्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. तो निकाल या ओरडणाऱ्यांपैकी एकाने तरी वाचलाय?