वीस जातींचे जिवाणू आणि पंचगंगेचा पूर

प्रयाग चिखलीपासून शिरोळपर्यंत पावसाळ्याच्या तोंडावर एक मेसेज फिरतो: ‘वीस जातींचे जिवाणू रानात सोडा. जाती जितक्या जास्त, तेवढी माती स्थिर. एकमेकांना मदत करणारेच निवडले की पुरातही काही बिघडत नाही. हे गणितानं सिद्ध झालंय.’

गणितानं? १९७२ साली परिसंस्थांचं गणित मांडणाऱ्या रॉबर्ट मे यांनी तर उलटंच दाखवलं. प्रत्येक जातीचा स्वतःवरचा लगाम, म्हणजे संख्या वाढली की वाढ आपोआप मंदावण्याचा जोर, १ धरा. शंभर जाती, त्यातल्या दहा टक्के जोड्यांचा एकमेकींशी संबंध. १०० गुणिले ०.१ म्हणजे १०, त्याचं वर्गमूळ ३.१६. मग संबंधांची तीव्रता साधारण ०.३२ च्या आत असेल, तरच समूह धक्क्यातून सावरतो. जाती चारशे केल्या की ही मर्यादा ०.१६ वर येते. मे यांनी संबंध यदृच्छेनं जुळलेले धरले होते, मातीत ते तसे नसतात. म्हणून विविधता वाईट असंही यातून निघत नाही. पण ‘जास्त म्हणजे स्थिर’ हे नक्कीच निघत नाही. शिवाय चमचाभर मातीत आधीच हजारो जाती असतात. त्यात वीसची भर ती काय!

‘मदत करणारेच निवडा’ हा सगळ्यात गोड आणि सगळ्यात फसवा भाग. सोसायटीत एकमेकांना जामीन राहिलेले दोघे आठवा: एक थकला की दुसराही गोत्यात. आतड्यातल्या जिवाणूंवरच्या २०१५ च्या गणिती अभ्यासात कॉइट, श्लुटर आणि फॉस्टर यांना हेच दिसलं. सहकार्यानं चढ-उतार दोन्ही वाढतात, स्पर्धा त्यांना आवर घालते.

आता पूर. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. जिवाणूंना फूट कळत नाहीत, दिवस कळतात. पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, नायट्रेटवर श्वास घेणारे जिवाणू जोर धरतात आणि तुम्ही टाकलेला नत्र वायू होऊन उडून जातो. हे बिघडणंच झालं. पण समूह कायमचा मोडतो असंही नाही. समजा, एक जात ओलीत जिंकते, दुसरी कोरड्यात. ओल-कोरडीची अदलाबदल फार झपाट्यानं झाली तर जिवाणूंना जणू सरासरीच जाणवते आणि त्यात सरस ठरणारी एकच उरते. फार सावकाश झाली तर हरणारी जात पाळी यायच्या आधीच संपते. मधल्या वेगात दोघी टिकू शकतात. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांबद्दल, म्हणजे प्लवकांबद्दल, परिसंस्थाशास्त्रज्ञ हचिन्सन यांनी १९६१ मध्ये असाच तर्क मांडला होता. त्यात बीजाणू, म्हणजे टणक कवचाची सुप्त पेशी, करून झोपी जाणाऱ्यांना तर वाट पाहणं आणखी सोपं.

आणि स्थिर म्हणजे चांगलं, हे कुणी ठरवलं? शेवाळानं हिरवा पडलेला कोल्हापूरचा रंकाळा तलाव ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा, तो हिरवा थर हटता हटत नव्हता.