‘दर तीन मुलांत एकाला डिप्रेशन’: आकडा खरा, अर्थ चुकीचा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा असा: ‘३४ टक्के किशोरवयीनांना डिप्रेशन आहे. नऊ प्रश्नांची टेस्ट घरीच घ्या, १० च्या वर गेलं की समजून जा.’

३४ टक्के कुठून आले? २०२२ च्या एका जागतिक आढाव्यातून. पण ती ‘नैराश्याची लक्षणं वाढलेली’ मुलं होती. प्रत्यक्ष आजार असलेली मुलं त्याच आढाव्यात ८ टक्के आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज त्याहून कमी: १० ते १४ वयात १.३ टक्के, १५ ते १९ मध्ये ३.४.

आता ती टेस्ट, म्हणजे पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांतल्या नऊ लक्षणांना प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. झोप बिघडली, थकवा आहे, भूक कमीजास्त झाली, अभ्यासात लक्ष लागत नाही, या चारांपुढे ‘जवळजवळ रोज’ लिहिलं की झाले १२. दहावीच्या फेब्रुवारीत हे कितीतरी घरांत सापडेल! निदानाला मात्र किमान पाच लक्षणं लागतात, त्यात उदासी (या वयात चिडचिडही चालते) किंवा कशातच रस न उरणं यांपैकी एक हवंच, आणि रोजचं जगणं अडलेलं असावं लागतं. ते मुलाखतीतच कळतं.

गणित करून बघा. अमेरिकेत १३ ते १७ वयोगटात ‘११ किंवा जास्त गुण म्हणजे आजाराची शंका’ अशी रेघ धरली तेव्हा चाचणीने आजारी मुलांपैकी ८९.५ टक्के पकडली, आजार नसलेल्यांपैकी ७७.५ टक्के बरोबर वगळली. हजार मुलांत ३४ (म्हणजे वरचेच ३.४ टक्के) आजारी धरली, तर सुमारे ३० सापडतील. उरलेल्या ९६६ मधली २१७ही रेघेवर जातील. म्हणजे २४७ जणांवर शिक्का, आजार तिसांना. चाचणी वाईट नाही. ती चाळणी आहे, चाळून आलेलं निवडावं लागतं. त्या २१७ जणांचं सगळं आलबेल असतं असंही नाही. काहींना त्रास खराच असतो, फक्त तो आजाराच्या व्याख्येत बसत नाही.

याच मेसेजखाली ‘सगळी नाटकं आहेत’ म्हणणारेही असतात. तेही चूक. या वयात नैराश्य रडण्याऐवजी दार आपटण्यातून दिसू शकतं, म्हणून ते ‘उद्धटपणा’च्या खात्यात जातं. आणि नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याऐवजी १ जरी आला, तरी बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी मुलाला बाजूला घेऊन शांतपणे, थेट विचारायचं. विचारल्याने तसे विचार डोक्यात भरत नाहीत. मुलाला एकटं सोडू नका आणि डॉक्टर गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.